रोपासोबत पाण्याचा हिशेबही द्या



 बागप्रेमींच्या या संमेलनात सकाळपासून बाहेरच्या मांडवात फांद्या, कंद आणि बियांच्या पुड्या हातोहात फिरत आहेत. या देवघेवीबद्दलच मला बोलायचे आहे.

फुलांच्या बाबतीत आपण पूर्वीपासून घेणारेच आहोत. झेंडू आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोचे, सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. आज झेंडूशिवाय दसऱ्याचे तोरण होत नाही. फूल आपलेसे व्हायला जात-पात, देश-वेश काही आड येत नाही. आड येते ती हवा. रोप पिशवीत घालून नेता येते, त्याचा पाऊस नेता येत नाही.

आपल्याच राज्यात बघा. आंबोलीला वर्षाकाठी सरासरी 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून माण-खटावात उतरलात, की 500 चीही खात्री नाही. म्हणून सावंतवाडीच्या माणसाने ‘मातीचीच कुंडी वापरा’ म्हटले तर ते तिथे खरे असते. मुळांना हवा मिळते, पाणी साचत नाही. सोलापूरच्या गच्चीवर मे महिन्यात तीच कुंडी चारी बाजूंनी पाणी सोडते आणि दुपारपर्यंत माती कोरडी ठणठणीत होते. सल्ला चुकीचा नव्हता, त्याच्यावर गावाचे नाव नव्हते.

इंग्लंडमधल्या एसेक्सचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. बेथ चॅटो या बागकर्तीने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारी लावायच्या जागेवर खडीची बाग केली आणि तिला वरून पाणी घालायचे नाही असा नियम केला. तिथला पाऊस साधारण 500-600 मिलिमीटर. आकडा पाहून दुष्काळी भागातल्या कुणालाही वाटेल, मग आपल्यालाही हे जमेल. पण तिथला पाऊस बारा महिन्यांत विभागून पडतो आणि ऊन सौम्य असते. आपला पाऊस चार महिन्यांत येतो-जातो आणि पुढे चाळिशी ओलांडणारा उन्हाळा उभा असतो. त्यामुळे त्यांच्या झाडांची यादी उचलण्यात अर्थ नाही. उचलायची ती रीत: आधी जागा ओळखणे, जमीन खोल खणून त्यात कंपोस्ट मिसळणे, उघडी माती झाकणे आणि जे तिथे टिकेल तेच लावणे. आच्छादनही आपापल्याकडचे घ्यावे. आपल्या उन्हात खडी तापते. उसाचे पाचट, पालापाचोळा, नारळाची सोडणे माती गार ठेवतात.

आता दुसरी बाजू. कोरडेपणा हा प्रत्येक वेळी शत्रूच असतो असे नाही. डाळिंब आणि संत्र्याचे बागायतदार बहार धरण्यासाठी झाडाला मुद्दाम ताण देतात. मोगऱ्याचेही तसेच. थंडी सरताना पाणी तोडायचे, छाटणी करायची, मग खत घालून पाणी सुरू केले की उन्हाळ्यात कळ्या लगडतात. बोगनवेल कोकणच्या पावसात नुसती पानांनी माजते आणि कोरड्या भागात कुंपणभर पेटते. पाणी कमी मिळाले म्हणजे फूल कमी, हा हिशेब सरसकट खरा नाही.

जिथे पाणी द्यावेच लागते तिथे मडके अजूनही भरवशाचे आहे. झाडाशेजारी ते गळ्यापर्यंत पुरायचे, भरायचे आणि तोंड झाकायचे. माती सुकली की ते पाझरते, ओली असेल तर पाझर मंदावतो. मात्र मडके रंगवलेले किंवा फार भाजलेले नको. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर काही काळाने छिद्रे बुजतात, बाहेरून पांढरा थर दिसतो. तो दिसला की मडके बदलावे.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. 2018 साली दक्षिण आफ्रिकेच्या केपटाऊनमध्ये माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा आली आणि बागेला नळाचे पाणी घालायला बंदी झाली. अशा वेळी फुलबागेचा हक्क शेवटचा असतो, हे आपण स्वतःहून मान्य करावे. माझे मत स्पष्ट आहे: टँकर येणाऱ्या गावात हिरवळ राखणे ही हौस नव्हे, उधळपट्टी आहे. भाज्या, तांदूळ धुतलेल्या पाण्यावर चार सदाफुल्या जगवा, त्यातच बागवानाची शान आहे.

देवघेव म्हणजे काय, याचा धडा आपल्याला कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी दिला आहे. गणिताच्या या प्राध्यापकाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने आपल्या शेतात करून पाहिलेले दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने आपल्या मातीत पडताळून पाहायचे. तिथे कुणी गुरू नव्हता. त्यात देवघेव होती ती अनुभवाची, आणि त्या अनुभवाला जमीन-पाण्याचा आधार होता.

रोपाबरोबर कीडही प्रवास करते, हे विसरू नका. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोचा. 2008 मध्ये तो कोइम्बतूरला आढळला आणि पुढे पसरला. म्हणून परदेशातल्या मित्रांनी सामानात लपवून फांद्या आणू नयेत. नियम आहेत, ते पाळावेत. आणि इथे घेतलेले रोपही पंधरा दिवस वेगळे ठेवून मगच बागेत मिसळावे.

म्हणून आज जाताना एवढेच करा. जे रोप द्याल, त्याला एक चिठ्ठी बांधा. गाव कोणते, माती काळी की जांभ्याची, पाणी नळाचे की बोअरचे, उन्हाळ्यात किती दिवसांनी घातले आणि फूल कोणत्या महिन्यात आले. मेलेल्या रोपांचीही नोंद ठेवा आणि पुढच्या संमेलनाला ती वही घेऊन या. जगलेल्या झाडांची प्रदर्शने पुष्कळ झाली. आता मेलेल्यांची कारणे एकमेकांना सांगू.