चहाच्या टेबलावरचे साम्य आणि उपपत्तीचा आग्रह

(विज्ञानविषयक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



१९७२ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत ह्यू माँटगोमेरी हा तरुण गणिती आला होता. दुपारच्या चहाच्या वेळी प्रा. सर्वदमन चावला यांनी आग्रहाने त्याची गाठ फ्रीमन डायसन या पदार्थवैज्ञानिकाशी घालून दिली. हे चावला म्हणजे फाळणीपूर्वी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात गणित शिकवणारे आपले थोर गणिती. त्यांच्या या आग्रहातूनच विज्ञानातील एका विलक्षण शोधयात्रेचा आरंभ झाला.

माँटगोमेरीचा विषय होता मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या संख्या पुढे पुढे विरळ होत जातात. पण नेमकी पुढची कुठे येईल, याचा साधा नियम सापडत नाही. १८५९ साली जर्मन गणिती रीमान यांनी दाखवले की, या वितरणाचे रहस्य झीटा नावाच्या फलनाच्या शून्यस्थानांत दडलेले आहे. मूळ संख्यांशी निगडित असलेली ही सर्व शून्यस्थाने एकाच सरळ रेषेवर असतात, असे त्यांचे अनुमान. ते आजही सिद्ध झालेले नाही.

या शून्यस्थानांमधील अंतरांविषयी आपल्याला मिळालेले सूत्र माँटगोमेरीने सांगितले आणि डायसन यांनी ते तत्काळ ओळखले. युरेनियमसारख्या जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्या समजून घेण्यासाठी पदार्थवैज्ञानिक जे गणित वापरत होते, त्यातही हेच सूत्र होते! दोन्हीकडे शेजारी-शेजारी परस्परांना जणू दूर सारतात. कुठे अणूचे अंतरंग आणि कुठे शाळकरी मुलाला ठाऊक असलेल्या मूळ संख्या!

पुढे संगणक मदतीस आला. १९८७ साली अँड्र्यू ओडलिझ्को यांनी एक लाख कोटींव्या शून्यस्थानापलीकडील एक लाख शून्यस्थाने काढून त्यांमधील अंतरे तपासली. आलेख पदार्थविज्ञानाच्या भाकिताशी जवळजवळ तंतोतंत जुळला. मग साहजिकच प्रश्न उभा राहतो : ही शून्यस्थाने म्हणजे एखाद्या अज्ञात भौतिक रचनेच्या ऊर्जापातळ्या तर नव्हेत? तशी रचना सापडली, तर रीमानचे अनुमान सिद्ध होईल. परंतु ती आजवर कोणालाही दाखवता आलेली नाही.

बंधू-भगिनींनो, येथेच आपण सावध राहिले पाहिजे. इतके साम्य दिसल्यावर 'विश्व संख्यांचेच बनले आहे' असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. पण मर्टेन्सच्या अनुमानाचे काय झाले, ते पाहा. १८९७ सालचे हे अनुमान खरे ठरते, तर त्यावरून रीमानचेही सिद्ध झाले असते. तपासलेल्या प्रत्येक संख्येसाठी ते खरे उतरत होते. तरीही १९८५ साली ओडलिझ्को आणि ते रील यांनी ते खोटे असल्याचे सिद्ध केले. ज्या संख्येपाशी ते मोडते, ती प्रत्यक्षात आजही कोणाच्या हाती आलेली नाही! म्हणूनच २०२१ मध्ये रीमानचे अनुमान तीन लाख कोटींच्या उंचीपर्यंत संगणकाने पडताळले गेले, तरी गणिती त्याला सिद्धता म्हणत नाहीत.

हा कठोरपणा आपल्याला परका नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बजावले होते की, उपपत्ती जाणल्याशिवाय गणकाला विद्वत्सभेत प्रतिष्ठा मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगायचा, तर त्यांची ही शिस्तही अंगी बाणवावी लागेल. ऐकीव साम्यांवर उभारलेला अभिमान पहिल्याच प्रश्नाने ढासळतो.

घरी मुलाने एखादी विलक्षण कल्पना सांगितली, तर तिला हसू नका. पण लगेच मानही डोलावू नका. प्रेमाने एवढेच विचारा, "बाळा, हे कशावरून?" चावलांनी दोन जाणत्यांची गाठ घालून दिली, म्हणून प्रश्न जन्मला. त्याचे उत्तर शोधणारे हात कदाचित आपल्याच घरात पाढे गिरवत असतील.