रविवार कुणी मिळवला?



कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. रविवारी साऱ्या पुण्याला पोराबाळांसकट वाघ बघायचा असतो, मग तिथल्या माणसांनी रविवार घ्यावा कसा? कात्रजच्या डेअरीत तर दुधाला वारच नसतो.

पण ही रविवारची सुट्टी मुळात आली कुठून? ‘साहेब चर्चला जायचा म्हणून’ हे आपलं ठरलेलं उत्तर. कचेऱ्यांपुरतं ते खरं. मुंबईच्या गिरण्यांना ते लागू नव्हतं. गिरण्यांचे मालक बहुतेक आपलेच होते, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी त्यांच्या हिशोबात बसत नव्हती.

ती बसवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. घराणं आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि त्याआधी गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे कापसाची धूळ त्यांनी स्वतः खाल्लेली. १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या ऐका: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पंधरा तारखेच्या आत. सूर्य मावळल्यावर तरी घरी जाऊ द्या, हेसुद्धा अर्ज करून मागावं लागत होतं! रविवारच का? तर तो खंडोबाचा वार. लोखंड्यांनी हेही कारण पुढे केलं, असं सांगतात.

मालक सहा वर्षं हलले नाहीत. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. दोन बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळात! आठवडाभराने, १ मे रोजी, युरोपात पहिला कामगार दिन पाळला गेला. आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १ मे आपण आता महाराष्ट्र दिन म्हणून मिरवतो, त्यात कामगार दिन झाकला जातो. १० जून तर कुणाच्या गावीही नसतो.

लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले.

पुढच्या रविवारी कात्रजला याल, तेव्हा बसच्या कंडक्टरला एवढंच विचारा: दादा, तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?