पोरीत दम नाही, असं म्हणण्याआधी

कोणी कापूस वेचता वेचता ऐकत असाल, कोणी चुलीपुढे बसून. आम्ही एरंडोलकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. एरवी आम्ही कर्ज, हप्ते, पापड, कुरडया यांवर बोलतो. आज खेळावर बोलणार आहोत. हसू नका. गेल्या हिवाळ्यात या खेळावरून आमच्या गटात असा वाद झाला की दोन बैठका त्यातच गेल्या.

झालं असं. आमच्या गटातल्या एका बाईची लेक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. खो-खो खेळते. तिचं नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलं. तिच्या कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यात शेवटपर्यंत पोहोचला आणि अंतिम सामना धुळ्याला होता. एसटीत बायांना अर्धं तिकीट, म्हणून आम्ही सात जणी भाकरी बांधून निघालो. आमच्यातल्या पाच जणींनी जन्मात पहिल्यांदा मैदानावर बसून सामना बघितला.

ज्यांना हा खेळ शाळेनंतर आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका संघाच्या आठ मुली दोन खांबांच्या मधल्या पाटीवर एकाआड एक तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तीन-तीन मुली आत येतात आणि हुलकावण्या देत पळतात. पाठलाग करणारीला मधूनच मागं वळता येत नाही, पाटी ओलांडता येत नाही. तिनं बसलेलीला खो द्यायचा. नऊ मिनिटांची पाळी. पळणारी जितका वेळ टिकेल तितकं संघाचं भलं. या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तेव्हा खेळ लहान नाही.

तर आमची पोर पहिल्या डावात दोन मिनिटांच्या वर टिकली. आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या की हात लाल झाले. दुसऱ्या डावात मात्र ती पाऊण मिनिटात बाद झाली. धाप लागली होती, गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. संघ दोन गुणांनी हरला.

मग सुरू झालं बोलणं. आमच्या मागं कॉलेजची पोरं बसली होती, शेजारी एक निवृत्त गुरुजी, पुढं दुसऱ्या मुलींचे आईबाप. एक पोरगा म्हणाला, "यांच्या सरांना काही येतच नाही, दुसऱ्या डावात तिला पहिल्याच तुकडीत कशाला उतरवली?" गुरुजी म्हणाले, "सरांना काय बोलता? समोरच्या मुली पहाटे साडेपाचला मैदानावर असतात. मेहनत लागते." आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "देवनं देनं शे ते. ज्याच्या अंगात असतं त्याच्यात असतं."

एसटीत बसलो, पारोळा मागं गेलं, तरी वाद संपला नव्हता. शिकवणारा मोठा, की अंगातलं कसब, की मेहनत?

मेहनतीच्या बाजूनं आमच्यातलीनं कविता राऊतचं उदाहरण दिलं. नाशिक जिल्ह्यात हरसूलकडच्या सावरपाड्याची आदिवासी घरची मुलगी. पाणी आणायला मैलोनमैल चालली, अनवाणी पळाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, त्याच वर्षी चीनमध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य. "बघा, मेहनत!" ती म्हणाली.

लगेच दुसरी म्हणाली, "सावरपाड्यात पाणी आणणाऱ्या इतर मुली नव्हत्या का? त्यांनी मेहनत कमी केली? कविताला नाशिकला विजेंद्र सिंग सर भेटले. त्याच सरांच्या हाताखाली मोनिका आथरे तयार झाली, संजीवनी जाधव तयार झाली. शिकवणारा मोठा."

आजी म्हणाली, "मग त्या सरांकडे जाणारी प्रत्येक पोर पदक घेऊन येते का?"

सगळ्या गप्प. तिघींचंही खरं होतं, आणि एकीच्याही बोलण्यानं दुसरीचं खोटं ठरत नव्हतं.

हा वाद नुसता गप्पांचा असता तर आज तुम्हाला सांगितला नसता. पण घरी पोहोचल्यावर त्या पोरीचे वडील म्हणाले, "बघितलं ना? अंगातच नाही तर कशाला बूट आणि एसटीचे पैसे घालवायचे? आखाजीनंतर बघू एखादं स्थळ." म्हणजे एसटीतला आमचाच वाद त्यांनी एका वाक्यात मिटवला, आणि त्यात एका पोरीचं शिक्षण आणि लग्न दोन्ही ठरत होतं. मग आम्हाला वाटलं, आपण टाळ्या वाजवायला गेलो होतो, आता जरा नीट विचारही करायला हवा.

बैठकीत आम्ही एकेक गोष्ट समोर ठेवली. पहिलं मेहनतीचं. त्या पोरीची आई म्हणाली, "माझी लेक पहाटे पाचला उठते. पाणी भरते, भाकरी करते, मग कॉलेजची गाडी धरते. वेचणीच्या दिवसांत सुट्टीला शेतात असते." मैत्रिणींनो, ही मेहनतच आहे. पण ती खेळाची नाही. समोरच्या मुली साडेपाचला मैदानावर असतात, कारण त्या वेळी त्यांच्या घरची भाकरी दुसरं कोणीतरी थापतं. आपण पोरीला मेहनत कर म्हणतो, पण मेहनत करायला वेळ लागतो, आणि तो वेळ घरातल्या कोणीतरी आपल्या वाटणीतून द्यावा लागतो. त्या घरात एक भाऊ आहे, अठरा वर्षांचा. त्याला पाणी भरता येतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा बोललं गेलं.

दुसरं शिकवण्याचं. आम्ही पोरीला विचारलं, सराव किती होतो? ती म्हणाली, सामन्यांच्या आधी पंधरा दिवस. बाकी वर्षभर नाही. आता सांगा, पंधरा दिवसांत कोणाच्या अंगात काय आहे हे कळतं का? आपण केळीवाल्या. टिश्यू कल्चरचं महाग रोप आणलं आणि ठिबक सुरूच केलं नाही, तर रोप वाळल्यावर "रोपच वाईट होतं" असं आपण म्हणतो का? आणि उत्तम रोप, भरपूर पाणी, पण पिलं काढली नाहीत, खत दिलं नाही, तरी घड भरत नाही. रोप, पाणी, निगा या तिन्हींचा हिशोब आपण शेतात बरोबर करतो. पोरीच्या बाबतीत मात्र पाणी न देताच रोपाला नाव ठेवतो.

तिसरं दमाचं. इथं आमची खरी चूक झाली होती, ती कबूल करतो. सामना संपल्यावर जिंकलेल्या संघाच्या मॅडम आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी चपळ आहे. पण पहिल्या डावानंतर तिचे ओठ पांढरे पडले होते. रक्त तपासून घ्या." आम्ही हो म्हटलं आणि वादाच्या भरात विसरलो. सात बायांनी दोन तास कसब, मेहनत आणि सर यांवर डोकं फोडलं, आणि एकीलाही पोरीचे ओठ आठवले नाहीत. बैठकीत आईला ते आठवलं. आशाताई तिला उपकेंद्रात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं. बाईच्या अंगात ते बाराच्या वर हवं. जिला आम्ही दम नाही म्हणत होतो, तिच्या अंगात रक्त नव्हतं.

आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत निघालं. म्हणजे ही एका पोरीची गोष्ट नाही. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळीबरोबर चहा घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबू चालतं. मेथी, अंबाडी, बाजरी, गूळ-शेंगदाणे आपल्या घरचेच आहेत, पण रक्त फार कमी असेल तर गोळ्यांना ते पर्याय नाहीत. आणि पाळीला फार रक्त जात असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

आता त्या मॅडमचं बोलणं पुन्हा आठवा. समोरच्या संघाची पोर, आपण जिंकलेलो, तरी त्यांनी तिच्याकडे बघितलं. चांगला शिकवणारा ओळखायचा कसा, हे आम्हाला तिथं कळलं. जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो तो नव्हे. जो बघतो तो.

धाराशिवची सारिका काळे तुम्ही ऐकली असेल. २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणाऱ्या भारताच्या खो-खो संघाची ती कर्णधार, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची गरिबी इतकी की वर्षानुवर्षं एक वेळच्या जेवणावर ती खेळली. त्याच २०१६ साली घरच्या अडचणींमुळे तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजावलं आणि ती मैदानावर परतली. पुढं ती क्रीडा अधिकारी झाली. आता सांगा, यात कसब कुठलं, मेहनत कुठली आणि शिकवणाऱ्याचं देणं कुठलं? एकाला काढलं तर बाकीची दोन वाया जात होती.

आणि शिकवणारी बाईसुद्धा असते बरं का. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं, त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे. त्या स्वतः २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या.

म्हणून आमच्या गटानं काही प्रश्न लिहून काढले. तुमच्या लेकी कुठलाही खेळ खेळत असतील, तर शिकवणाऱ्यांना हे विचारा. सराव वर्षभर आहे की सामन्यापुरता? राखीव मुलींनाही शिकवता का, की निवडलेल्या नऊ जणींनाच? पाय मुरगळला तर विश्रांती देता, की तसंच पळवता? बाहेरगावी नेताना बरोबर बाई असते का, मुक्काम कुठं, संडासाची सोय काय? पोर चुकली तर काय चुकलं ते सांगता, की नुसतं रागावता? जो खरा शिकवणारा आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि कोणी पोरीला एकटीलाच बोलवत असेल, अंगलट येत असेल, तर तो कितीही पदकं आणणारा असो, पोर तिथून काढा आणि तक्रार करा.

अजून एक कामाची गोष्ट. खेळाची प्रमाणपत्रं पेटीत जपून ठेवा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक पातळीवरचं यश लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी करावी लागते. प्रत्येक पोरीला ते मिळेल असं नाही. पण कागदच हरवला तर मिळणारंही जातं.

आता आमच्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगतो. गटानं तिच्या आईला बुटांसाठी आणि भाड्यासाठी कर्ज दिलं, नेहमीच्या व्याजानं. दान नको, असं आईच म्हणाली. भाऊ पाणी भरतो, कुरकुरतो, पण भरतो. तीन महिन्यांनी रक्त अकराच्या वर गेलं. वडील अजून पूर्ण राजी नाहीत. "पदवी होईपर्यंत स्थळ बघणार नाही" एवढंच त्यांनी कबूल केलं आहे. आखाजीला ती झोक्यावर बसली होती, पण स्वतःच्याच घरच्या झोक्यावर, माहेरवाशीण म्हणून नाही. आमच्यासाठी तेवढंही खूप होतं.

यंदा ती जिंकेल का? माहीत नाही. कदाचित आजीचं म्हणणं खरं निघेल, काही जणींच्या अंगात देवानं जास्त घातलेलं असतं, आणि समोरच्या संघात तशी एखादी असेल. हरली तर हरली. पण या वेळी ती पोटभर जेवून, रक्त भरून, वर्षभर शिकून हरेल. तेव्हा तिच्यात किती आहे ते तिचं तिला कळेल. आपण बाकावर बसून ते ठरवायचं नाही.

तुमच्या गावातली एखादी पोर धाप लागून खाली बसत असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी उपकेंद्रात न्या. आणि पुढच्या सामन्याला भाकरी बांधून बघायला जा. पोरी वर बघतात, आई आली आहे का म्हणून.

येतो आम्ही. नमस्कार.