मूळ फोटोला हात लावायचा नाही



कॅमेरा घेतला, फोटो बरे येऊ लागले, आता कॉम्प्युटरवर ते नीट करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, असं बऱ्याच जणी मला विचारतात. नावं सांगतेच, पण त्याआधी माझी एक चूक सांगते.

मी नुकतीच डोहाळजेवणाचे, बारशाचे फोटो काढायला लागले होते. एका डोहाळजेवणात मुलीच्या आजीचा फोटो फार सुंदर आला. खणाची चोळी, हनुवटीवर गोंदण, तोंडभर हसू. नवं शिकलेलं सगळं मी त्या फोटोवर करून पाहिलं. चेहरा उजळ केला, सुरकुत्या पुसल्या. फोनवर पाठवायचा म्हणून आकार 800 पिक्सेलचा केला, आणि सरळ ‘सेव्ह’ दाबलं. कार्ड तर आधीच रिकामं केलं होतं.

काही महिन्यांनी आजी गेल्या. घरचे भिंतीवर लावायला मोठा फोटो मागायला आले. माझ्याकडे होता तो एवढासाच. नात स्क्रीनकडे बघत म्हणाली, “ताई, आजीचं गोंदण कुठं गेलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पिक्सेल म्हणजे फोटोतले बारीक ठिपके. चांगल्या छपाईला एका इंचात साधारण 300 ठिपके धरतात. म्हणजे 4 बाय 6 इंची फोटोला 1200 बाय 1800 हवेत. माझे 800 तीन इंचालाही पुरेनात. शिवाय जेपीईजी फोटो बदलून सेव्ह केला, की दर वेळी त्यातला थोडा बारकावा कमी होतो. गेलेला परत येत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हा विचारा, की यात माझा मूळ फोटो सुरक्षित राहतो का?

आता नावं. फोटोशॉप सगळ्यांनी ऐकलंय. 1990 पासून आहे, उत्तम आहे, पण त्याचं भाडं भरत राहावं लागतं. कुणी पेनड्राइव्हवर फुकट टाकून देतो म्हणालं, तर नको म्हणा. ती चोरीची प्रत असते, आणि तिच्याबरोबर व्हायरसही येऊ शकतो. रीतसर फुकट मिळणारी चांगली सॉफ्टवेअर आहेत.

पत्रिका करायची, फोटोवर नाव टाकायचं, दोन फोटो जोडायचे, तर ‘गिम्प’ घ्या. त्यात ‘सेव्ह’ केलं की गिम्पची स्वतःची वेगळी फाइल होते. जेपीईजी हवा तर ‘एक्सपोर्ट’ करायचं, आणि नवं नाव द्यायचं. ‘ओव्हरराइट’ असा शब्द दिसला तर तिथून हात मागे घ्या.

हळदीचे तीनशे फोटो एका बैठकीत नीट करायचे, तर ‘डार्कटेबल’ बघा. ते मूळ फोटोला हातच लावत नाही. तुम्ही केलेले बदल शेजारी एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. एका फोटोवर केलेली दुरुस्ती बाकीच्यांवरही लावता येते. कॅमेऱ्यात ‘रॉ’ची सोय असेल तर ते फोटोही यात उघडतात. रॉ फाइल मोठी असते, पण तिच्यात उजेडाच्या छटा जेपीईजीपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यामुळे अंधारलेला चेहरा चांगला वर काढता येतो. मात्र कॉम्प्युटर जुना असेल तर डार्कटेबल हळू चालेल. आधी टाकून बघा.

दोन्ही एकदम शिकू नका. एक घ्या, आणि त्यातली तीनच कामं आधी शिका. पहिलं, फोटो सरळ करणं आणि कडेचं नको ते कापणं. दुसरं, उजेड कमी-जास्त करणं. तिसरं, रंग ताळ्यावर आणणं. पिवळ्या मांडवाखाली सगळ्यांचे चेहरे पिवळे दिसतात ना? अशा वेळी फोटोतली पांढरी वस्तू दाखवली, की सॉफ्टवेअर त्यावरून बाकीचे रंग सुधारतं. आजोबांची टोपी चालते, पण तिला नीळ दिलेली असली तर फसाल! मी पिशवीत कोरा कागद ठेवते. मांडवात गेल्यावर पहिला फोटो त्या कागदाचा.

आणि चेहऱ्याला जपून हात लावा. मुरूम पुसा, चार दिवसांत तो जाणारच असतो. तीळ, गोंदण, सुरकुती राहू द्या. माणूस ओळखू येतं ते त्यानंच.

आज घरी एवढंच करा. ‘मूळ’ नावाचं एक फोल्डर बनवा. कार्डातले सगळे फोटो त्यात उतरवा, त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, मगच कार्ड रिकामं करा. शिकायचं ते प्रतीवर. प्रत बिघडली तरी काही बिघडत नाही, दुसरी काढता येते.

त्या आजींच्या घरी अजून तो छोटाच फोटो आहे, मोठ्या चौकटीत मधोमध लावलेला. मी त्या घरी जाते तेव्हा पहिली नजर तिकडेच जाते.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.