वारम्बंगलचे सुळके आणि तेथील अंधार



ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात कूनाबराब्रन नावाचे एक लहानसे नगर आहे. त्याच्या पश्चिमेस सुमारे ३५ किलोमीटरवर उंचच उंच सुळके उभे आहेत. हेच वारम्बंगल राष्ट्रीय उद्यान. सुमारे १.७ ते १.३ कोटी वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखी जागृत होता. गमिलराय भाषेतील या नावाचा अर्थ वाकडेतिकडे डोंगर असा सांगतात.

सह्याद्री पाहिलेल्या माणसास हे डोंगर अनोळखी वाटतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पातळ लाव्हारस दूरवर पसरला, थरावर थर बसले आणि पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर घडले. वारम्बंगलचा लाव्हारस दाट होता. तो मुखाजवळच साचला, भेगांत शिरून थिजला. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि आतला कठीण गाभा उघडा पडला. 'ब्रेडनाइफ', म्हणजे पाव कापण्याची सुरी, ही अशीच एक भिंत : उंची सुमारे ९० मीटर, जाडी जेमतेम चार मीटर! तिच्यावर चढण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच होय. साडेचौदा किलोमीटरांची पायवाट तिच्या कडेने माथ्यापर्यंत नेते.

जानेवारी २०१३ च्या वणव्यात उद्यानाचा बहुतेक भाग होरपळला. परिसरातील त्रेपन्न घरे आणि उद्यानाचे माहिती केंद्र भस्मसात झाले. मात्र शेजारच्या सायडिंग स्प्रिंग वेधशाळेतील दुर्बिणी वाचल्या. २०१६ मध्ये हे उद्यान ऑस्ट्रेलियातील पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरले. हा मान मिळाला तो सुळक्यांमुळे नव्हे, अंधारामुळे. परंतु उद्यानावरील अंधार उद्यानाच्या हद्दीत राखता येत नाही. दूरच्या गावातील दिवाही आकाश उजळवतो. म्हणून वेधशाळेभोवती २०० किलोमीटरपर्यंत प्रकाशयोजनेचे मार्गदर्शक नियम आहेत आणि जवळच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत ते अधिक कडक आहेत. दिवा असावा, पण त्याचा उजेड खाली पडावा, एवढेच त्यांचे सार.

महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलण्यात आले. रस्त्यांवर उजेड आहे. मात्र तो आता जमिनीवर पडतो.