फ्रिज घेताना जादा वॉरंटीचं काय करायचं?
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत एका सदस्य ताईने केलेलं बोलणं)

दिवाळी जवळ आली की गटात फ्रिज, वॉशिंग मशीनसाठी कर्जाची मागणी वाढते. वस्तू जरूर घ्या, बाईचे कष्ट वाचतात. मी बोलणार आहे ते बिल करताना शेवटी पुढं येणाऱ्या कागदाबद्दल. "ताई, दोन हजार जादा द्या, दोन वर्षं वॉरंटी वाढवून देतो."

आधी कंपनी फुकट काय देते ते विचारा. फ्रिजला साधारण 1 वर्ष पूर्ण वॉरंटी असते, पण कॉम्प्रेसरला बऱ्याच कंपन्या 10 वर्षं देतात. म्हणजे सगळ्यात महागाच्या भागाची सोय आधीच झालेली असते. (गॅस आणि मजुरी मात्र बहुतेक वेळा आपल्याकडूनच घेतात, तेही विचारून घ्या.) जादा वॉरंटी ही फुकटची मुदत संपल्यावर सुरू होते. बऱ्याच कंपन्या ती मुदत संपायच्या आत कधीही विकत देतात. मग दुकानात उभ्याउभ्या घाई कशाला?

आता आपल्या गावात मशीन बिघडतं कशानं? लाईट कमीजास्त होते, उंदीर वायर कुरतडतो. बहुतेक कागदांत नेमकं हेच 'लागू नाही' म्हणून बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दाराचं रबर, काच, प्लॅस्टिकही त्यातच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घरच्या साध्या फ्रिजला दोन हजार घालायचे तर ते चांगल्या स्टॅबिलायझरला घाला.

शिवाय हे पैसे कर्जातूनच जातात. महिना 2 टक्के धरला तर दोन हजारांवर पहिल्याच महिन्याला 40 रुपये व्याज. त्यापेक्षा दहा जणींनी तेच दोन हजार वाचवून गटात वेगळे ठेवले, तर 20,000 होतात. जिचं मशीन बिघडेल तिची दुरुस्ती त्यातून करायची. नाही बिघडलं तर पैसा आपलाच. वॉरंटी विकणारा दुसरं काय करतो? फक्त उरलेले पैसे तो ठेवतो.

पण जिचा डीप फ्रिजर धंद्याचा आहे, दूध, पनीर, आइस्क्रीमचा, तिचं गणित निराळं. एक दिवस बंद म्हणजे माल गेला. तिनं जरूर विचार करावा. मात्र कागदावर नाव कंपनीचं आहे की दुसऱ्याच कुणाचं, आणि मेकॅनिक आपल्या गावापर्यंत येतो का, हे आधी फोन करून विचारावं.

बिलाचा फोटो त्याच दिवशी मोबाईलवर काढा, त्या कागदावरची शाई उडते. वॉरंटी असून टाळाटाळ केली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते, मराठीतही बोलता येतं.

ज्यांनी असा कागद आधीच घेतलाय त्यांनी पुढच्या बैठकीला तो आणा. 'लागू नाही'चा रकाना सगळ्या मिळून वाचू.