दुबळ्यांचा अग्रक्रम

वेळणेश्वरच्या पुळणीवर कबड्डी खेळणाऱ्या मुलांसाठी हा प्रश्न मांडतो: हरलेल्या संघाने पुन्हा उभे कसे राहावे? भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेत, व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये नवे खेळाडू निवडताना दुबळ्या संघांना अग्रक्रम असतो. १९८५ पासून त्यासाठी सोडत निघते. आपल्या प्रो कबड्डीत लिलाव चालतो. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रुपये मोजले, तरी त्या हंगामात संघ तळाशीच राहिला. पुणेरी पलटणनेही मोठी बोली लावली; परंतु तरुण खेळाडू जोपासले होते, म्हणून २०२४ मध्ये अजिंक्यपद लाभले. मात्र मालक निवडण्याचे स्वातंत्र्य दोन्हीकडे नवख्याला नाही. अमेरिकेत त्याच्या पाठीशी १९५४ पासून खेळाडूंची संघटना आहे. आपला मुलगा उद्या लिलावात उभा राहील, तेव्हा त्याच्याही पाठीशी संघटना असलीच पाहिजे.